डावं मनगट

त्या सकाळी चिनूचा डावा हात मला हलका लागला.

मी गादीवर उभी होते, दोन्ही हात डोक्यावर ताठ केलेले, आणि माझ्या तळहातांवर आपले तळहात रोवून चिनू उलटी उभी होती, पाय थेट छताकडे. अशा वेळी मान वर केली की मला तिचा उलटा चेहरा दिसायचा. पण चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. पंचांसमोर हसत राहायचं हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की सरावातही ती हसायची. खरं काय ते हातांना कळायचं. त्या दिवशी माझ्या एका हातावर तिचा भार नेहमीपेक्षा जास्त होता आणि दुसऱ्यावर तो जेमतेम टेकल्यासारखा.

"उतर," मी म्हटलं.

ती उडी मारून खाली आली आणि डावा हात पाठीमागे घेऊन उभी राहिली.

"दुखतंय?"

"नाही की."

"मग डाव्या हातावर वजन का टाकत नाहीस?"

"टाकलं की, अक्का. तुला उगंच वाटायलंय."

आमच्या सोलापुरात मोठ्या बहिणीला कुणी ताई म्हणतं, कुणी अक्का. चिनूच्या घरी कानडी, माझ्या घरी तेलुगू, म्हणून आमच्यात अक्काच चालायचं. मी अंबिका येमूल, तेव्हा सतरा वर्षांची. चिनू, म्हणजे चिन्मयी हत्तुरे, बारा वर्षांची. दोघींनी मिळून करायच्या या जिम्नॅस्टिक्समध्ये खाली उभी राहते ती बेस आणि तिच्यावर कसरत करते ती टॉप. चार वर्षं मी चिनूची बेस होते. लोक बघतात ते टॉपकडे. पेपरात आमचा फोटो आला की त्यात चिनू पुरी असायची आणि मी कोपरापर्यंत. त्याचं मला काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे.

चिनूचं मनगट दुखायची ही काही पहिली वेळ नव्हती. दिवाळीच्या सुमारास पहिल्यांदा दुखलं, तेव्हा आमच्या क्रीडा मंडळात शिकवणाऱ्या मैंदर्गी सरांनी क्रेप बँडेज बांधून तिला दोन आठवडे बसवून ठेवलं. दुखणं गेलं. ती पुन्हा हातांवर उभी राहायला लागली आणि संक्रांतीच्या आसपास ते परत आलं. मग तिच्या आईनं तिला अक्कलकोट रस्त्यावरच्या एका हाडवैद्याकडे नेलं. त्यानं मनगट ओढलं, कसलासा पाला बांधला आणि हात हलवायचा नाही म्हणून सांगितलं. पुन्हा गेलं, पुन्हा आलं. तिसऱ्या वेळी आंबेहळदीचा लेप झाला. प्रत्येक वेळी विश्रांती घेतली की दुखायचं थांबायचं, आणि थांबलं की सगळ्यांना वाटायचं, बरं झालं.

दोष कुणाचा यावरून मात्र वाद व्हायचा. हत्तुरेकाकूंचा कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा घरगुती धंदा होता. सर एकदा त्यांना म्हणाले, "काकू, पोरीला भाकऱ्या थापायला बसवू नका. मनगट जातंय."

काकूंनी पदर खोचला. "सर, माझ्या घरात पाच बाया थापतात. वीस वर्षं थापतात. एकीचं तरी मनगट दुखलंय का? आणि चिनूला मी पिठाला हात लावू देत नाही. तुम्ही तिला दिवसभर उलटी उभी करता, ते बघा आधी."

सर हसले, काकूही हसल्या आणि विषय तिथंच राहिला.

पुण्याची राज्य स्पर्धा तोंडावर आली होती. तिथं पहिली येणारी जोडी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होती. सरांच्या हाताखालून अजून एकही जोडी राष्ट्रीयला गेली नव्हती, आणि आम्ही जाऊ असं सगळ्या मंडळाला वाटत होतं. माझं त्या वयोगटातलं ते शेवटचं वर्ष होतं. पुढच्या गटात मला जोडीदार मिळणार नव्हती, कारण सोलापुरात तो गटच नव्हता. म्हणजे जायचं तर आत्ताच.

तरी मी त्याच दिवशी सरांना सांगितलं.

"सर, चिनूचा डावा हात पुन्हा दुखतोय."

"ती म्हणाली?"

"नाही. मला हाताला लागलं."

सरांनी चिनूला हाक मारली. सर तसे प्रेमळ होते. खेळताना कुणी रडलं तर आधी पाणी द्यायचे, मग ओरडायचे. त्यांनी तिचं मनगट हातात घेऊन इकडून तिकडून फिरवलं.

"दुखतं का बाळ?"

"नाही सर. बघा की." आणि चिनू जमिनीवर हात टेकून उलटी झाली आणि हातांवर चालत भिंतीपर्यंत जाऊन परत आली. हसत.

"बघ, पोर ठणठणीत आहे," सर मला म्हणाले. "तुला स्पर्धेचं टेन्शन आलंय, अंबिका. वय संपायलंय म्हणून मनात नाही ते यायलंय तुझ्या."

सर गेले. चिनू माझ्याजवळ आली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"परत सांगू नको सरांना."

"दुखतंय ना?"

"दुखलं तर माझं दुखतंय. तुझा हात आहे का तो?"

मी सरांना परत सांगितलं नाही.

पुण्याच्या त्या मोठ्या सभागृहात सकाळी आमचा पहिला प्रयोग होता, तोलाचा. दुपारी दुसरा, उड्यांचा. दोन्हींचे गुण मिळून निकाल लागायचा. चिनूनं दोन्ही मनगटांना पट्ट्या बांधल्या होत्या. उजव्याला काही झालेलं नव्हतं, पण एकच हात बांधलेला दिसला तर कुणी विचारेल म्हणून दोन्ही.

पहिल्या दोन रचना चांगल्या झाल्या. माझ्या मांडीवर उभी राहून तिनं पाय मागे डोक्यापर्यंत नेला, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मुख्य रचना आली. मी उभी, हात वर, आणि तिचं हातांवर उलटं उभं राहणं. त्यानंतर तिनं उजवा हात सोडून एकट्या डाव्या हातावर थांबायचं होतं. एवढी अवघड रचना आमच्या गटात दुसऱ्या कुणाचीच नव्हती. ती जमली असती तर पहिला नंबर आमचा होता, हे बाकीच्या जोड्यांनाही ठाऊक होतं.

चिनू वर गेली. पाय सरळ झाले. संगीत चालू होतं. तिनं डाव्या हातावर भार घ्यायला सुरुवात केली आणि माझ्या अंगठ्याभोवतीची तिची बोटं थरथरायला लागली. मी वर पाहिलं. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी तिच्याच कपाळावर उतरत होतं.

मी कोपर वाकवले आणि तिला खाली घेतलं.

तिला ते कळायलाच वेळ लागला. गादीवर पाय टेकल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं आणि दातांतल्या दातांत म्हणाली, "अक्का, उचल. उचल मला."

संगीत चालूच होतं. पंचांच्या टेबलावरच्या बाई पुढं वाकल्या. कडेला सर उभे राहिले होते. मी उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवला, पंचांना नमस्कार केला आणि गादीवरून उतरले.

"काय झालं?" सर धावत आले.

"खांदा, सर. खांदा गेला."

"आत्ता? आत्ता कसा गेला?"

"हात वर राहीना."

सरांनी डोळे मिटून घेतले. मग सावरले आणि आधी माझ्या हातात पाण्याची बाटली दिली. दुपारच्या प्रयोगातून आमची जोडी मागे घेतली. नाशिकच्या मुली पहिल्या आल्या. आम्ही शेवटच्या होतो.

परतीच्या गाडीत चिनू खिडकीशी बसली आणि कुर्डुवाडीपर्यंत बाहेर बघत राहिली. तिथं सर चहा घ्यायला उतरले तेव्हा म्हणाली, "तुझा खांदा कधी दुखत नाही. चार वर्षांत एकदासुद्धा नाही दुखला."

"आज दुखला."

"आजच बरा दुखला."

तिनं तोंड फिरवलं. रडताना कुणी बघितलेलं तिला आवडायचं नाही, म्हणून मीही दुसरीकडे बघितलं.

घरी अम्माला कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं. विड्या वळायचं सूप बाजूला ठेवून तिनं तेल गरम केलं आणि माझा डावा खांदा चोळायला बसली. तिची बोटं बारीक पण फार जोरकस होती. मी मधून मधून "आई गं" म्हणायचे. नान्ना, माझे वडील, मागावरून आले, दारात उभे राहून बघत राहिले आणि म्हणाले, "पोरगी एवढी वर्षं दुसरीला उचलती. खांदा जाणारच." मग म्हणाले, "पुन्हा मिळंल की संधी." पुन्हा मिळणार नव्हती हे त्यांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सर घरी आले. मंडळाच्या मुलांना काही लागलं की डॉ. वैरागकरांकडे न्यायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. लागलं म्हणजे दिसण्यासारखं लागलं, सूज आली किंवा हात लटकला तर. चिनूला कधी सूज आलीच नव्हती.

"संध्याकाळची वेळ घेतली आहे," सर म्हणाले. "एक्स-रे फोटो काढून घेऊ खांद्याचा."

"सर, चिनूलाही आणा बरोबर."

"तिला कशाला?"

"भार कसा येतो ते डॉक्टर विचारतील. मी एकटी कसं दाखवणार?"

सरांना ते पटलं. संध्याकाळी आम्ही तिघं दवाखान्यात होतो. चिनू नाइलाजानं आली होती आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून भिंतीवरचा हाडांचा तक्ता बघत होती.

डॉ. वैरागकर उंच, सडपातळ, कमी बोलणारे. त्यांनी माझा हात वर केला, मागे नेला, आपल्या तळहातावर मला जोर लावायला सांगितला.

"इथं दुखतं?"

"नाही."

"इथं?"

"नाही."

"पूर्ण वर घे. आता मी दाबतो, तू खाली येऊ देऊ नको." त्यांनी दोन्ही हातांनी दाबलं. माझा हात जागचा हलला नाही. डॉक्टर थोडे मागे सरले. "मग दुखतं तरी कुठं?"

"कुठंच नाही, डॉक्टर."

सरांनी मान वर केली.

"खांदा चांगला आहे माझा," मी म्हणाले. "हिचं डावं मनगट बघा. दिवाळीपासून दुखतंय. थांबतं आणि परत येतं."

चिनू स्टुलावरून उठलीच. "मला काही झालं नाही. खोटं सांगायली ती. सर, हिनं मुद्दाम... हिनं मुद्दाम खाली घेतलं मला!"

सर माझ्याकडे बघत होते.

"काही झालं नसेल तर उत्तमच," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "ये इकडं. हे टेबल आहे ना, त्यावर हात टेक आणि भार टाक बघू."

चिनूनं हात टेकला, भार टाकला आणि हसली. डॉक्टरांनी ते हसू बघितलं. मग तिचा हात उचलून आपल्या हातात घेतला आणि अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या जरा वर, बोटानं हळूच दाबलं. चिनूच्या तोंडून असा आवाज निघाला की बाहेरच्या बाकावरच्या बाई डोकावल्या.

दोन्ही मनगटांचे फोटो काढले. डॉक्टरांनी ते उजेडावर शेजारी शेजारी लावले आणि सरांना जवळ बोलावलं.

"ही उजवी बाजू. हाडाच्या टोकाजवळ ही बारीक रेघ दिसते? मुलांचं हाड इथून वाढतं. तिथं अजून कूर्चा असते, मऊ. आता डावी बघा. रेघ रुंद झाली आहे आणि तिच्या कडा फाटल्यासारख्या आहेत. सगळ्या शरीराचा भार रोज या मऊ जागेवर पडतोय."

"पण विश्रांती दिली की थांबायचं," सर म्हणाले.

"दुखणं थांबायचं. भरून आलेलं नसायचं. अर्ध्यात पुन्हा भार टाकला की पुन्हा तेच. आणखी असंच चाललं असतं तर इथली वाढ थांबली असती. शेजारचं हाड वाढत राहिलं असतं आणि मनगट जन्मभरासाठी वाकडं झालं असतं. हातानं घागर उचलणंसुद्धा मुश्कील झालं असतं." ते चिनूकडे वळले. "अजून वेळ गेलेली नाही. पण काही महिने हातांवर उभं राहायचं नाही. लोंबकळायचं नाही, ढकलायचं नाही. पायांचं काय करायचं ते कर. मी सांगेन तेव्हा सुरुवात, तीही हळूहळू."

"किती महिने?" चिनूनं विचारलं.

"ते हाड सांगेल."

चिनूनं डोळे पुसले नाहीत. ती सरळ दाराबाहेर गेली आणि सरांच्या स्कूटरजवळ जाऊन उभी राहिली.

मी आणि सर पायऱ्यांवर थांबलो. समोरच्या रस्त्यावर गर्दी होती. सरांनी खिशातून रुमाल काढला, घडी उलगडली, पुन्हा घातली.

"मला सांगायचं होतंस, अंबिका."

"सांगितलं होतं, सर."



"हो," ते म्हणाले. "सांगितलं होतंस."

मग म्हणाले, "पुण्यात गादीवरून उतरून सांगितलं असतंस, की हिचा हात दुखतोय. खांद्याचं कशाला काढलंस?"

"ती नाही म्हणाली असती. पुन्हा हातांवर चालून दाखवलं असतं. आणि सगळे म्हणाले असते, चिनूमुळं गेलं."

"आता म्हणतायत, अंबिकामुळं गेलं."

"माझं वय संपलंच होतं की, सर."

सरांनी रुमाल खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी ते स्वतः हत्तुरेकाकूंकडे गेले आणि दोन्ही फोटो त्यांच्यापुढं ठेवून बसले. काकूंनी काय ऐकवलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण तिथून आल्यावर मंडळात एक नवा नियम झाला. वरच्या मुलीचं दुखतंय असं खालची म्हणाली तर सराव तिथंच थांबायचा, वरची काहीही म्हणो. तो नियम आजही आहे.

चिनूनं माझ्याशी बोलणं टाकलं. रोज मंडळाच्या सभागृहात यायची, पायांचे व्यायाम करायची, नाचाचा भाग घोटायची, पण मी आले की दुसऱ्या टोकाला जायची. पुढं माझं कॉलेज सुरू झालं आणि माझं येणं कमी झालं. तिच्याबद्दल कळायचं ते सरांकडून. नव्या फोटोत रेघ भरत आलीय. आता भिंतीला टेकून हात टेकते. आता दोन्ही हातांवर उभी राहते. स्नेहल चिप्पा नावाची नवी बेस मिळाली. मनगट पुन्हा दुखलं नाही.

दीड वर्षानं राज्य स्पर्धा सोलापुरातच भरली. मी बघायला गेले आणि मागे, गॅलरीत बसले. सकाळचा प्रयोग चिनू आणि स्नेहलनं असा केला की माझ्या शेजारचे अनोळखी गृहस्थ उभे राहिले. चिनू उंच झाली होती. एका हातावर ती थांबली तेव्हा मी खाली बघत होते, टाळ्या ऐकून वर पाहिलं.

दुपारच्या प्रयोगाआधी ती गॅलरीच्या पायऱ्या चढून वर आली. स्पर्धेचा निळा पोशाख, खांद्यावर टॉवेल. माझ्यासमोर उभी राहिली.

"आलीस होय?"

"आले."

"सरांनी सगळं सांगितलं मला. नियमाचं आणि सगळं. माझ्यामुळं गेलं असं कुणी म्हणू नये म्हणून तू खांदा सांगितलास, तेही."

मी शेजारची पिशवी उचलून तिला बसायला जागा केली.

"मला विचारायचं होतंस," ती म्हणाली. "वर असताना. खाली घ्यायच्या आधी. हात माझा होता."

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"नको घेऊ म्हणाले असते."

"आणि मी ऐकलं असतं तर?"

खाली गादीवर दुसरी कुठली जोडी सराव करत होती, तिकडं तिनं बघितलं.

"तरी विचारायचं होतंस," ती म्हणाली.

"बरं," मी म्हटलं. "चुकलं."

"चुकलं नाही." ती चिडली. "मी कुठं म्हणाले चुकलं? विचारायचं होतंस एवढंच म्हणतेय."

खालून सरांनी तिचं नाव पुकारलं. ती वळली, दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. मग परत येऊन माझ्या पुढच्या पायरीवर, माझ्याकडे पाठ करून बसली आणि टॉवेलमधून दोन पिना काढून माझ्या हातात दिल्या.

"अंबाडा ढिला झालाय. स्नेहलला घट्ट बांधता येत नाही," ती म्हणाली. "लवकर बांध, अक्का. आमचा नंबर तिसरा आहे."